लाल चॅनेलमध्ये हिरव्या पेशी दिसतायत, नवा फिल्टर सेट घ्यायचा का?

प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे मला नीट समजलाय का ते तुम्हालाही कळेल. तुम्ही एम.एस्सी.ला आहात, मुंबईतलंच कॉलेज, हेला पेशींमध्ये (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी पेशी) जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन, घातलंय, मायटोकॉन्ड्रियाला माइटोट्रॅकर रेड हा लाल डाय (चमकणारा रंग) आणि न्यूक्लियसला डापी हा निळा डाय. मायक्रोस्कोप जुना, मर्क्युरी लॅम्पवाला, कॅमेरा ब्लॅक अँड व्हाइट. तक्रारी दोन. ज्या पेशींना लाल डाय लावलेलाच नाही त्यासुद्धा लाल चॅनेलमध्ये, म्हणजे लाल प्रकाशासाठी घेतलेल्या फोटोत, दिसतात, आणि जुलैपासून हिरव्या फोटोंवर सगळीकडे दुधासारखा धूसरपणा आलाय. सर म्हणतायत ग्रँटमध्ये पैसे शिल्लक आहेत, मार्चच्या आत नवा बँडपास (प्रकाशाचा ठरावीक पट्टाच सोडणारा) फिल्टर सेट घेऊन टाकू, आणि तुम्ही विचारताय की कुठला घ्यावा. क्यूबवरचे, म्हणजे फिल्टर बसवलेल्या डबीवरचे, आकडे लिहिलेत ते फार बरं केलंत, अर्धं उत्तर त्या आकड्यांतच आहे.

मी गेली १९ वर्षं मुंबईतल्या एका संस्थेची मायक्रोस्कोप रूम सांभाळते आणि हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी घेऊन येतंच. माझं म्हणणं असं की अख्खा सेट आत्ता घेऊ नका. फिल्टर फोटो उजळ करत नाही, तो फक्त नको असलेला प्रकाश अडवतो, त्यामुळे नको असलेला प्रकाश नक्की कुठून येतोय हे कळल्याशिवाय कुठला फिल्टर घ्यायचा हे कोणीच सांगू शकत नाही, विकणारा माणूस तर नाहीच नाही. आणि तुमच्या वर्णनावरून मला तरी तीन वेगवेगळे त्रास एकत्र झालेले दिसतायत, आणि ते सगळेच फिल्टर बदलून जाणारे नाहीत.

क्यूबच्या आत काय असतं ते एकदा डोळ्यासमोर आणा. लॅम्पच्या बाजूला एक गोल काच, एक्सायटर, ती लॅम्पच्या सगळ्या प्रकाशातून एक पट्टा निवडते. मध्ये ४५ अंशात तिरका बसवलेला डायक्रोइक आरसा, तो हा कमी तरंगलांबीचा प्रकाश खाली पेशींकडे वळवतो आणि पेशींकडून परत येणारा जास्त तरंगलांबीचा प्रकाश वर जाऊ देतो. वर कॅमेऱ्याच्या बाजूला इमिशन फिल्टर, उरलासुरला एक्सायटेशनचा प्रकाश अडवणारा. आपण पेशींवर जेवढा प्रकाश टाकतो त्याच्या लाखाव्या भागाइतकाही कधीकधी परत येत नाही, म्हणून या शेवटच्या काचेवर एवढा भार असतो. ओडी म्हणजे काच किती प्रकाश अडवते त्याचं माप, ओडी ५ म्हणजे लाखातला एक भाग सुटतो, ओडी ६ म्हणजे दहा लाखातला एक. आपल्याकडे शाळेत २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन करतात ना, तो ज्या शोधासाठी, त्यात रामन यांनीसुद्धा १९२८ साली हीच युक्ती वापरली होती, सूर्यप्रकाशाच्या वाटेत एक जांभळा फिल्टर आणि डोळ्यापुढे त्याला पूरक असा दुसरा, म्हणजे दोन्ही एकावर एक धरले तर अंधारच दिसला पाहिजे, आणि तरीही जे दिसतं ते मधल्या पदार्थानं नव्यानं दिलेलं. मी नवीन मुलांना क्यूब समजावताना नेहमी इथून सुरुवात करते कारण "दोन्ही मिळून अंधार" हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप समजतं.

आता तुमचे आकडे. हिरव्यासाठीचा क्यूब ४५०–४८० (सगळे आकडे नॅनोमीटरमध्ये, पहिला पट्टा एक्सायटरचा), आरसा ५००, वरचा ५१५ लाँगपास, म्हणजे ५१५ च्या पुढचं सगळं सोडणारा. लाल क्यूब ५१०–५५०, आरसा ५७०, वरचा ५९० लाँगपास. हे जुन्या पद्धतीचे "वाइड" क्यूब. तेव्हा फिल्म वापरायचे किंवा डोळ्यांनीच बघायचे, मग जेवढा जास्त प्रकाश जाईल तेवढा बरा असा हिशोब होता, आणि एका वेळी एकच डाय असेल तर तो हिशोब बरोबरच आहे.

पण तुमच्या पेशीत जीएफपी आहे. तुमचं जीएफपी बहुतेक ईजीएफपी असणार, ते ४८८ ला सगळ्यात जास्त प्रकाश शोषतं आणि ५०७ च्या आसपास सगळ्यात जास्त प्रकाश देतं. लोक हे दोनच आकडे पाठ करतात आणि इथेच फसतात, कारण डाय म्हणजे दोन आकडे नसतात, दोन टेकड्या असतात आणि टेकडीला उतार असतो. ५१० ला जीएफपी अजून बऱ्यापैकी प्रकाश शोषतं, ५२० ला थोडा, ५४० ला जवळजवळ नाहीच. आणि त्याच्या हिरव्या प्रकाशाची शेपटी पार ६०० च्या पुढेपर्यंत लांबते. तुमचा लाल क्यूब ५१० पासून प्रकाश टाकतोय म्हणजे जीएफपीला तोच पेटवतोय, आणि वर ५९० च्या पुढचं सगळं आत घेतोय म्हणजे शेपटी पकडतोय. ज्या पेशीत जीएफपी भरभरून आहे ती लाल चॅनेलमध्ये दिसणारच. दोष एक्सायटरच्या डाव्या कडेचा आहे, बाकी क्यूब ठीक आहे.

आणि इथे तुमचा जुना मर्क्युरी लॅम्प तुमच्या बाजूनं उभा आहे. मर्क्युरीचा प्रकाश सगळीकडे सारखा नसतो, त्याला ३६५, ४०५, ४३६, ५४६ आणि ५७७–५७९ नॅनोमीटरला उंच सुळके असतात आणि मधल्या जागा त्या मानानं खूपच मंद. तुमच्या ५१०–५५० च्या पट्ट्यातला बराचसा प्रकाश मुळात त्या एका ५४६ च्या सुळक्यातूनच येतोय. म्हणजे एक्सायटर बदलून ५४६/१० किंवा ५४६/१२ घातला, म्हणजे ५४० ते ५५२ च्या आसपासचा अरुंद पट्टा, तर लाल डायचा उजेड थोडाच कमी होईल पण जीएफपी पेटणं जवळपास थांबेल. (हे आकडे असे वाचायचे, पहिला मध्य, दुसरा एकूण रुंदी, म्हणजे ५३५/४० म्हणजे ५१५ ते ५५५.) माइटोट्रॅकर रेडचं शिखर ५७९ ला आहे, ५४६ ला तो शिखरावर नाही पण काम होण्याइतका नक्की उजळतो, आणि आत्ताही तुम्ही त्याला मुख्यतः तिथूनच पेटवताय. एक गोल काच बदलायची, बहुतेक जुन्या क्यूबमध्ये ती २५ मिलिमीटरची असते, पण ऑर्डर देण्याआधी व्यास आणि जाडी दोन्ही व्हर्नियरनं मोजा, जाडीत फसलेले लोक मी पाहिलेत, रिंग परत बसतच नाही. अख्ख्या सेटच्या मानानं एक सुटी काच खूप स्वस्तात पडते.

पण थांबा, तीही लगेच मागवू नका. आधी एक दुपार मोकळी काढा आणि हे करा.

एक्स्पोजर आणि गेन (कॅमेरा सिग्नल किती वाढवतो ते) एकदा ठरवा, लाल क्यूब लावा, आणि मग काहीही न बदलता एकामागून एक फोटो घ्या. लॅम्पचं शटर बंद ठेवून एक. शटर उघडून, स्टेजवर काहीच नाही, एक. नुसती स्लाइड, माउंटिंग मीडियम आणि कव्हरस्लिप, पेशी नाहीत, एक. काहीच न लावलेल्या पेशी. फक्त जीएफपीवाल्या. फक्त लाल डायवाल्या. शेवटी दोन्हीवाल्या. प्रत्येक फोटोत एका मोकळ्या चौकोनाची आणि पेशींची सरासरी ब्राइटनेस फिजी या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजून वहीत लिहा. समजा बारा बिटचा कॅमेरा आहे, ० ते ४०९५, आणि तुम्हाला १००, १०५, १२५, ३८०, ४३०, १६००, १६५० असे आकडे आले. यातून काय कळतं? कॅमेऱ्याचा स्वतःचाच पाया १०० आहे, क्यूब गळत नाही, मीडियम थोडंसं चमकतं, पण काहीच न लावलेली पेशी ३८० आणि जीएफपीवाली ४३०, म्हणजे जीएफपीची गळती (लाल चॅनेलमध्ये शिरणारा त्याचा प्रकाश) फक्त ५० आणि बाकीचा सगळा पेशींचा स्वतःचा उजेड. अशा वेळी जगातला सगळ्यात महाग एक्सायटर आणलात तरी ते ५० तेवढे जातील. उलट ३८० च्या जागी १५० आले आणि ४३० च्या जागी ९०० आले, तर मात्र वर लिहिलेली काच तुमचं काम करेल. कुठली पायरी उंच आहे ते बघायचं, तिथेच पैसे घालायचे.

हे मोजताना फिजीतलं "ऑटो" बटण दाबू नका. खूप कळकळीनं सांगते, माझ्याकडे "गळती होतेय" म्हणून आलेल्या केसेसमधल्या बऱ्याच केसेसना कारण हे बटण होतं. ऑटो प्रत्येक फोटोला वेगवेगळं ताणतं, त्यामुळे ज्या फोटोत काहीच नाही त्यातला कचराही ताणून ताणून खऱ्या सिग्नलएवढा उजळ दाखवतं. सगळ्या फोटोंना किमान आणि कमाल एकच ठेवा आणि मग शेजारी शेजारी लावून बघा. कधीकधी अख्खा प्रश्नच तिथे सुटतो, आणि विचारायला आलेल्या पोरीचे दोन आठवडे वाचतात.

पेशींचा स्वतःचा उजेड जास्त निघाला तर मग फिल्टर सोडा, नमुन्याकडे वळा. पेशीतले स्वतःचेच काही रेणू चमकतात, एनएडीएच यूव्हीत निळा उजळतो, फ्लेविन निळ्या प्रकाशात हिरवे उजळतात, जुन्या किंवा ताणाखालच्या पेशींतलं लिपोफुसिन सगळ्याच चॅनेलमध्ये पिवळट दिसतं. ग्लुटरल्डिहाइडनं फिक्स केलं तर पेशी स्वतःच चमकायला लागतात, पॅराफॉर्मल्डिहाइडनं त्या मानानं कमी. जिवंत पेशी बघत असाल तर मीडियममधला फिनॉल रेड आणि सीरम दोन्ही पार्श्वभूमी वाढवतात, फोटो घेण्यापुरतं फिनॉल रेड नसलेलं मीडियम किंवा साधं बफर घाला. प्लास्टिकच्या डिशचा तळसुद्धा चमकतो, काचेच्या तळाची डिश घ्या किंवा कव्हरस्लिपवर वाढवा. हे सगळं एका फिल्टरच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी पैशात होतं.

लाँगपास की बँडपास, हा तुमचा मूळ प्रश्न. याला एकच उत्तर नाही, कोण बघतंय यावर आहे. डोळ्यांनी बघताना मला लाँगपास आवडतो, कारण हिरवी जीएफपीची पेशी आणि पिवळट स्वतःचा उजेड असलेली मेलेली पेशी यांच्यात फरक डोळ्याला लगेच कळतो, तेच बँडपास लावला की दोन्ही हिरव्याच दिसतात. पण तुमचा कॅमेरा ब्लॅक अँड व्हाइट आहे. त्याला रंग कळत नाही, त्याच्यापर्यंत पोचलेला प्रत्येक फोटॉन त्याला सारखाच, हिरवा आणि लाल आपण नंतर कॉम्प्युटरवर भरतो. तुमच्या हिरव्या क्यूबवरचा ५१५ लाँगपास लाल डायचा प्रकाशही बिनदिक्कत आत सोडतोय, आणि तो डाय निळ्या प्रकाशातसुद्धा थोडाफार पेटतोच. त्यात मर्क्युरी लॅम्प ४५० ते ४८० मध्ये मंद, त्यामुळे हिरव्यासाठी तुम्ही एक्स्पोजर लांबवत असणार, मग ही गळतीही तेवढीच लांबते. म्हणून हिरव्या क्यूबवर लाँगपासच्या जागी ५३५/४० बँडपास, ही दुसरी सुटी काच. जुनी फेकू नका, डोळ्यांनी बघायला ठेवा.

आता धूसरपणा. तुम्ही "जुलैपासून" असं लिहिलंय तेव्हाच मला शंका आली. जुन्या फिल्टरवरचे थर मऊ असतात, बऱ्याचदा झिंक सल्फाइड आणि क्रायोलाइटचे, आणि ते हवेतली ओल शोषतात. दोन काचांच्या मध्ये ते चिकटवलेले असतात आणि कडेनं सील केलेले, ते सील कुठेतरी सुटलं की मुंबईचा पावसाळा आत शिरतो. एसी संध्याकाळी बंद होतो, रात्रभर खोली दमट, सकाळी परत थंड, हे चार महिने रोज. क्यूब बाहेर काढा, एक्सायटर आणि इमिशन फिल्टर एकेक करून ट्यूबलाइटसमोर धरा, तिरके करून बघा. (ट्यूबलाइटसमोरच, मर्क्युरी लॅम्पच्या समोर डोळा कधीच नाही.) खराब झालेल्या काचेत कडेपासून आत सरकणारी नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसते, किंवा तेलाच्या डागासारखी रंगीत वर्तुळं, आणि थर उडालेला असेल तर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके चमकतात. त्या प्रत्येक ठिपक्यातून लॅम्पचा कच्चा प्रकाश सरळ आत येतो. अशी काच पुसून नीट होत नाही, ती बदलायचीच. आणि मऊ थरवाली काच उघडी असेल तर पुसायचीच नाही, फक्त हवेच्या फुग्यानं धूळ उडवायची. नवीन घ्याल ते कडक थरवालं घ्या, ऑक्साइडच्या थरांचं, त्यांना आपल्या हवेचा त्रास जवळजवळ होत नाही आणि लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल घेऊन हलक्या हातानं पुसताही येतात.

नक्षी दिसली नाही तर आणखी एक गोष्ट विचारा, जुलैच्या आधी कोणी क्यूब उघडला होता का. एका लॅबमध्ये मला बोलावलं होतं, नाव नको, त्यांचं असंच झालं होतं. सर्व्हिसनंतर सगळे फोटो धूसर आणि प्रत्येक न्यूक्लियसच्या कडेला एक फिकट सावली, जणू दोन न्यूक्लियस एकमेकांवर सरकलेत. लॅम्प बदलला, ऑब्जेक्टिव्ह साफ केला, चार महिने गेले. मी क्यूब उघडला तर डायक्रोइक उलटा बसवलेला. त्याची थर असलेली बाजू लॅम्पकडे आणि नमुन्याकडे असावी लागते, उलटा बसला की प्रकाश आधी काचेतून जातो, मागच्या पृष्ठभागावरून परत येतो, आणि समोरच्या पृष्ठभागावरूनही थोडा परततो. त्या मुलीनं चार महिन्यांचं मोजमाप परत केलं. कुठली बाजू थराची हे ओळखायला पेन्सिलचं टोक काचेच्या अगदी जवळ न्या, पण टेकवू नका. थराच्या बाजूनं प्रतिबिंब टोकाला जवळजवळ भिडलेलं दिसतं, उलट्या बाजूनं मध्ये काचेच्या जाडीएवढं अंतर दिसतं. गोल फिल्टरच्या कडेवर बाण असतो, पण त्या बाणाचा अर्थ त्याच कंपनीच्या माहितीपत्रकात बघून घ्या, अंदाजानं बसवू नका.

डापीबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत पण सांगायलाच हवं. डापी आणि होएक्स्ट (न्यूक्लियसचाच दुसरा निळा डाय) दोन्ही यूव्हीखाली थोडे बदलतात आणि मग हिरव्या, लाल प्रकाशातही उजळायला लागतात. तुम्ही आधी डापी लावून फोकस शोधत असाल, बरेच जण शोधतात कारण न्यूक्लियस पटकन सापडतो, तर नंतरच्या हिरव्या आणि लाल फोटोत न्यूक्लियसच्या जागी जो फिकट गोळा येतो तो फिल्टरचा दोष नाही. फोकस फेज किंवा ब्राइटफील्डमध्ये, म्हणजे साध्या दिव्याच्या प्रकाशात, शोधा, फोटो लालपासून सुरू करा, मग हिरवा, डापी सगळ्यात शेवटी.

एक अट मात्र लक्षात ठेवा. वर ५४६ च्या सुळक्याबद्दल लिहिलं ते फक्त मर्क्युरी लॅम्प असेपर्यंत खरं. तुमच्या कॉलेजनं पुढच्या वर्षी एलईडी बसवला, आणि मर्क्युरीच्या बल्बचं आयुष्य २००-३०० तास असल्यामुळे कधीतरी बसवतीलच, तर हिशोब सगळा परत करावा लागेल. एलईडीला ते सुळके नसतात, ५४६/१० मधून मग अगदीच कमी प्रकाश जाईल. डापीचंही तसंच, जुना एक्सायटर ३५०/५० म्हणजे ३७५ ला संपतो, आणि बऱ्याच एलईडींचा यूव्ही दिवा ३८५ चा असतो, लॅम्प पूर्ण जोरात आणि पेशींपर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही. तेव्हा सरांना हे आधीच विचारा की लॅम्प बदलायचा विचार आहे का. असेल तर फिल्टरचे पैसे आत्ता खर्च करूच नका, लॅम्प आणि फिल्टर एकत्र ठरवा. एफपीबेससारख्या साइटवर डाय, लॅम्प आणि फिल्टर तिन्ही एकावर एक ठेवून फुकट बघता येतं, सरांना ते चित्र दाखवा, बोलून पटवण्यापेक्षा ते लवकर पटतं.

पावसाळा संपेपर्यंत क्यूब रोज काम झालं की हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये वाळवून परत वापरायचे. क्यूब काढल्यावर मोकळ्या राहिलेल्या खाचेला झाकण लावा नाहीतर धूळ आत बसते.

तर आत्ता एवढंच करा, ती एक दुपार काढा आणि सातही फोटोंचे आकडे इथे टाका, हिरव्या क्यूबनं घेतलेले सातही टाका, आणि ट्यूबलाइटसमोर धरलेल्या काचांचा मोबाइलवर काढलेला फोटोही. आकडे आले की पहिली काच लाल क्यूबची मागवायची की हिरव्याची ते मी सांगते, आणि सरांच्या कोटेशनमध्ये नक्की काय लिहायचं तेही.